कोलंबोचे गाणे, नागपूरची हद्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या पिढीच्या वर्धेकरांनी रेडिओवर गाणी ऐकली ती सगळी परगावची. आधी कोलंबोची, मग मुंबईची, मग नागपूरची. वर्ध्याला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, शेजारी सेवाग्राम आणि पवनार आहे, पुलगावला दारूगोळ्याचे भांडार आहे, हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर इंग्रजांच्या काळापासून. गाणे मात्र हवेतून, दुसऱ्याच्या गावाहून यायचे. ते किती लांबून येऊ शकते आणि कुठे येऊन थांबते, यावर आमची आवडनिवड ठरायची. म्हणून संगीताच्या रेडिओचा इतिहास मला मुंबई-दिल्लीच्या बाजूने सांगण्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या, आणि त्यातही हद्दीवर बसलेल्या ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगावासा वाटतो.

पण गाण्याच्या आधी एक वेगळी गोष्ट सांगतो. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव रेडिओवर दुमदुमले ते गाण्यामुळे नव्हे. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याच्या बैठकीत इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. पुढच्याच महिन्यात, १६ ऑगस्टला, आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीत गोळीबार झाला. आष्टी आणि चिमूर येथे काय घडले ते सरकारी रेडिओ सांगणार नव्हता आणि वर्तमानपत्रांवर बंधने होती. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच ऑगस्टच्या अखेरीस गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला होता. पोलिसांचा ससेमिरा चुकवण्यासाठी जागा बदलत तो नोव्हेंबरात पकडला जाईपर्यंत चालला. त्या रेडिओने आष्टी-चिमूरची हकीकत देशाला ऐकवली. आष्टीत त्या वेळी किती घरांत रेडिओ होता हा प्रश्नच आहे; बहुधा आष्टीची बातमी आष्टीने ऐकली नसावी. हद्दीवरच्या गावांचे हे असेच असते.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले १६ जुलै १९४८ रोजी. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि वर्धा त्या प्रांताचा जिल्हा. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा त्या प्रांताच्या, म्हणून केंद्रही दोन्ही भाषांतून बोलायचे. पुढे १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो. राज्य बदलले तरी घरातला काटा नागपूरवरच राहिला. नागपूर केंद्राची मध्यम लहरीची जागा म्हणजे ५८५ किलोहर्ट्झ. आमच्याकडे शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यांनाही ती ठाऊक होती, आकड्याने नव्हे, काट्याच्या जागेने. "डावीकडे सरकव, अजून थोडा, हां, राहू दे," एवढ्यावर नागपूर लागायचे.

पहाटे आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजायची. वॉल्टर कॉफमन नावाच्या मूळच्या युरोपातल्या संगीतकाराने ती १९३६ च्या सुमारास बांधली, हे मला फार उशिरा कळले. तोवर ती मला इथल्याच कोणी भजनी बुवांची वाटायची. मग भक्तिसंगीत, बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, मधूनमधून भावगीते. एकाच केंद्रावर सगळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे तोच तुटला. गाणे ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानावर कापसाचा भाव पडायचा आणि भाव ऐकायला बसलेल्याच्या कानावर माणिक वर्मा पडायच्या. कोणी कशाला बसले आणि काय घेऊन उठले याचा हिशेब नसे.

आता सिनेमाच्या गाण्यांकडे येतो. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. पुण्याचा, पॅरिसला शिकलेला, शास्त्रीय संगीताचा जाणकार माणूस. सिनेमाचे संगीत लोकांची अभिरुची बिघडवते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर सिनेगीतांना कात्री लागली. गाणे लावले तरी चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती जाहिरात होते, असा दंडक आला. निर्माते रागावले, त्यांनी परवानग्या काढून घेतल्या, आणि काही काळ आकाशवाणीवरून सिनेगीत जवळजवळ नाहीसेच झाले.

केसकरांना आज सगळेच हसतात. मला तेवढे हसू येत नाही. त्यांच्या काळात आकाशवाणीने सुगम संगीताला बळ दिले, कवी आणि गायकांना काम दिले. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून गदिमा-बाबूजींचे 'गीतरामायण' झाले, तेही याच काळात. छप्पन्न गीते, आठवड्याला एक, आणि त्यासाठी पाट मांडून, उदबत्ती लावून बसणारी घरे. लोकांना काय आवडते ते न विचारताही लोकांना आवडेल असे काही देता येते, हे त्या कार्यक्रमाने दाखवून दिले. केसकरांची गफलत दुसरीकडे होती. हवेला कुंपण नसते ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नाही.

कोलंबोजवळ दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी उभारलेला लघुलहरींचा दणकट प्रक्षेपक होता. युद्ध संपले, यंत्र राहिले, आणि ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. ३ डिसेंबर १९५२ रोजी त्यावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी तेव्हा विशीचेही नव्हते. गंमत अशी की कार्यक्रम तयार व्हायचा मुंबईत. ध्वनिफिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून गाणी समुद्र ओलांडून आमच्या अंगणात उतरायची. वर्ध्यापासून कोलंबो सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर. तरीही बुधवारी रात्री आठ वाजता कोलंबो लागायचे. कधी भरतीसारखा आवाज यायचा, कधी ओहोटीसारखा जायचा, ऐन गाण्याच्या मधोमध कोणी चिनी बाई बोलून जायची. त्याचेही कोणाला काही वाटत नसे. लघुलहरींवरचे गाणे थोडे हलतेच, असे आम्ही धरून चालायचो.

या गीतमालेचा वर्ध्याशी एक धागा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. गांधीजी १९३६ साली सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. पुढे हिंदी की हिंदुस्थानी यावरून मतभेद वाढले आणि १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. हिंदी आणि उर्दूच्या मधली, नागरी आणि फारसी दोन्ही लिप्यांत लिहिता येईल अशी साधी बोली देशाने उचलावी, हा गांधीजींचा आग्रह होता. मुंबईत साक्षरतेचे काम करणाऱ्या कुलसुम सायानी यांनी गांधीजींच्याच सांगण्यावरून 'रहबर' नावाचे पाक्षिक १९४० पासून चालवले. नवशिक्या वाचकांसाठी, सोप्या हिंदुस्थानीत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. त्या कामात आईला हातभार लावणारा मुलगा म्हणजे अमीन. आपली सोपी बोली 'रहबर'च्या त्या शाळेत घडली, असे ते स्वतः सांगत. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले तेव्हा सर्वांनी त्यांच्या आवाजाबद्दल लिहिले. मला त्यांच्या शब्दांचे जास्त वाटते. सेवाग्रामच्या झोपडीत ज्या भाषेचा ठराव झाला आणि जी सरकारदरबारी हरली, ती भाषा टूथपेस्टच्या जाहिरातीबरोबर घरोघर गेली. 'बहनो और भाइयो' हे कळायला आमच्या देवळीच्या सालदारालाही कोणी शिकवावे लागले नाही.

केसकरांच्याच काळात सरकारने उत्तर शोधले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. सुरुवातीला मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरींवरून हा 'पंचरंगी कार्यक्रम' देशभर जायचा. सिनेगीत सन्मानाने परत आले, पण एकटे नाही. 'हवामहल'ची नाटिका, शास्त्रीय संगीताची ओळख करून देणारे कार्यक्रम, जवानांसाठी 'जयमाला', आणि फर्माईशी. पुलगावच्या भांडाराभोवती फौजी वस्ती. 'जयमाला' लागली की त्या बाजूने जाताना एकाच गाण्याचा आवाज दहा खिडक्यांतून यायचा, असे जुने पुलगावकर सांगतात.

आणि मग १ नोव्हेंबर १९६७. आकाशवाणीने जाहिराती घ्यायचे ठरवले तेव्हा विविध भारतीवरून त्याची सुरुवात तीन ठिकाणी झाली: मुंबई, पुणे आणि नागपूर. दिल्ली नाही, कलकत्ता नाही; आमचे नागपूर पहिल्या तिघांत. तेव्हापासून गाण्याच्या आधी साबण आणि गाण्यानंतर डोकेदुखीची गोळी असा क्रम लागला. माझ्या मते भारतातल्या संगीताच्या रेडिओचा खरा सांधा इथे बदलला. एफएमचे नाव आपण घेतो, पण गाणे हा माल आणि ऐकणारा हा गिऱ्हाईक हा हिशेब १९६७ सालीच सुरू झाला. फक्त तो सरकारच्या हातात होता, त्यामुळे सबुरीने चालत होता.

ऐकण्याची साधनेही सांगितली पाहिजेत. आधी व्हॉल्व्हचा रेडिओ. बटण दाबल्यावर तो तापायला वेळ घ्यायचा, मग हिरवा डोळा उघडायचा. छपरावर दोन बांबूंमध्ये तारेची जाळी, त्यातून एक तार खिडकीतून आत. दुसरी तार जमिनीत पुरायची आणि उन्हाळ्यात तिथे तांब्याभर पाणी ओतायचे, म्हणजे आवाज स्वच्छ. रेडिओ बाळगायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तो जाच संपला. साठीनंतर ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून वावरात गेला. सायकलच्या दांडीला, बैलगाडीच्या खुंट्याला, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बाभळीच्या फांदीला. निंदणाला बसलेल्या बायांच्या ओळीबरोबर तो ट्रान्झिस्टरही पुढे पुढे सरकायचा. वीज नसलेल्या गावातही गाणे पोचले ते त्याच्यामुळे.

आता एफएमची गोष्ट. तिचा जनक अमेरिकेतला एडविन आर्मस्ट्राँग. १९३३ साली त्याला पेटंट मिळाले. आधीच्या पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. वीज चमकली, शेजारी मोटार सुरू झाली, की त्या उंचीत ढवळाढवळ होते आणि तीच आपल्याला खरखर म्हणून ऐकू येते. आर्मस्ट्राँगने उंची तशीच ठेवली आणि लहरींची कंपनसंख्या आवाजाप्रमाणे बदलली. खरखर गेली, सतारीची तार सुटल्यावर मागे उरणारा झंकारही ऐकू येऊ लागला. कंपन्यांशी कज्जेदलाली करून थकलेल्या त्या माणसाने १९५४ साली आत्महत्या केली. त्याचे यश त्याला पाहता आले नाही.

भारतात पहिले एफएम प्रक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला झाले. मग बरीच वर्षे काही हालचाल नाही. नव्वदच्या दशकात आकाशवाणीची जिल्हा पातळीवरची स्थानिक केंद्रे निघाली ती बहुतेक एफएमवर. आमच्या शेजारी यवतमाळला १०२.७ वर आणि चंद्रपूरला १०३ वर अशी केंद्रे आली. १५ ऑगस्ट १९९३ पासून दिल्ली-मुंबईत आकाशवाणीच्या एफएमवर खासगी कंपन्यांना वेळ विकायला सुरुवात झाली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची खासगी जहागीर नव्हे, असा निकाल दिला. त्यानंतर दार उघडले. २००१ सालच्या जुलैत बंगळूरला पहिले खासगी एफएम केंद्र बोलू लागले. पहिल्या फेरीत लिलावातली परवाना फी इतकी चढली की अनेकांनी अर्ध्यावर हात टेकले. २००५ साली धोरण बदलले: एकदाच प्रवेशशुल्क आणि पुढे उत्पन्नाचा ४ टक्के वाटा. त्या फेरीत ९१ शहरांतल्या ३३८ वाहिन्या लिलावाला काढल्या गेल्या आणि नागपुरात खासगी केंद्रे आली. विविध भारतीही नागपुरात एफएमवर, १०० पूर्णांक ६ वर, गेली.

आणि इथेच आमचे घोडे अडले.

५८५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी काढली तर ती अर्ध्या किलोमीटरहून जास्त भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, टेकडी आली तर वळसा घालते, रात्री वर जाऊन आयनांच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरते. १००.६ मेगाहर्ट्झची लहर मात्र तीन मीटरची. ती नजरेसारखी सरळ जाते आणि पृथ्वीची गोलाई आली की वरून निघून जाते. हिशेब सोपा आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा. ऐकणाऱ्याच्या एरियलच्या उंचीचेही काढा. दोन्हींची बेरीज करून ४.१२ ने गुणा. येतील तेवढे किलोमीटर. शंभर मीटरचा मनोरा आणि नऊ मीटर उंच गच्चीवरचे एरियल धरले तर दहा आणि तीन मिळून तेरा, आणि उत्तर साधारण ५४ किलोमीटर. मनोरा दुप्पट उंच केला तरी उत्तर सत्तरच्या जवळपासच येते.

आता नकाशा घ्या. नागपूरहून वर्धा सरळ रेषेत सत्तरच्या आतबाहेर. हिंगणघाटही तितकेच. आर्वी आणि आष्टी नव्वदच्या पुढे. सेलू तेवढे पन्नाशीच्या आसपास, म्हणून सेलूचे पोट्टे नागपूरच्या रेडिओ जॉकींची नावे तोंडपाठ म्हणायचे आणि आर्वीच्या पोट्ट्यांना ती पेपरात वाचायला मिळायची. देवळीकडच्या लोकांनी तोंड फिरवून यवतमाळ पकडले. वर्धा गावात तर एकाच गल्लीत एका गच्चीवर नागपूर लागायचे आणि खाली अंगणात नुसती फुसफुस. एकच जिल्हा, पण गाण्याच्या हिशेबाने त्याचे चार तुकडे झाले. कोलंबोचे गाणे दीड हजार किलोमीटरवरून येत होते त्या गावात नागपूरचे गाणे पोचेना.

यात कोणाची लबाडी नव्हती. विज्ञानच तसे आहे. पण परवाने कसे दिले ते विज्ञानाने ठरवलेले नव्हते. परवाना शहराचा होता. केंद्र चालायचे जाहिरातींवर, जाहिरात द्यायची नागपूरच्या दुकानदाराने, आणि त्याला गिऱ्हाईक हवे सीताबर्डीला पायी येणारे. आर्वीच्या माणसाला गाणे ऐकवून त्याला काय मिळणार? त्यामुळे सत्तर किलोमीटरची हद्द ही कोणाला अडचण वाटलीच नाही. शिवाय खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई होती. गाणी, गप्पा आणि शहरातल्या वाहतुकीची कोंडी. तीही बहुतांशी हिंदीत. नागपूरच्या बाजारपेठेचे ते गणित असेल. वऱ्हाडी बोलीत एक विनोद ऐकायला मात्र मला आकाशवाणीच लावावी लागायची.

२००५ ते २००७ हा शहरांत गाण्याची केंद्रे उघडण्याचा काळ. याच काळात वर्धा जिल्ह्याचे नाव देशभर कशासाठी घेतले जात होते ते आठवा. शेतकऱ्यांच्या आत्महत्या. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्या सहांत वर्धा होता. दौऱ्यात ते आमच्या जिल्ह्यातल्या वायफडलाही गेले. एफएममुळे कोणाचे कर्ज वाढले असे मला म्हणायचे नाही. पण ज्या काळात कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, बोंडअळीची खबर आणि बँकेची योजना वावरात बसल्या माणसाच्या कानावर पडण्याची सर्वात जास्त गरज होती, त्याच काळात गाणे आणि भाव यांची ताटातूट झाली. तरुण पोराने एफएमचा स्वस्त संच आणला आणि मध्यम लहरीचा काटा फिरवणे सोडले. ५८५ वर बाजारभाव सांगितले जात होतेच. आकाशवाणीने २००४ साली 'किसानवाणी' नावाचा कार्यक्रमही सुरू केला होता. पण पूर्वी गाण्याच्या आमिषाने बसलेला माणूस भाव ऐकून उठायचा, तो आता तिथे बसतच नव्हता.

यावर उपाय म्हणून कम्युनिटी रेडिओचे नाव घेतले जाते. २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या नोव्हेंबरात सामाजिक संस्थांना असे केंद्र चालवायची परवानगी मिळाली. शंभर वॉटपर्यंतची ताकद, दहा-बारा किलोमीटरचा परीघ. कल्पना उत्तम आहे. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने ती चालवून दाखवली. पण दहा किलोमीटरच्या परिघात गायक, निवेदक, तंत्रज्ञ आणि वीजबिल भरणारा असे चौघे जमवायचे म्हणजे नाटक कंपनी काढण्यापेक्षा अवघड काम. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यावेळी विचार लाखभर वस्तीच्या, वर्ध्याएवढ्या शहरांचा झाला आहे. मनोरा वर्ध्यात उभा राहिला तर आर्वी आणि आष्टी पुन्हा हद्दीवरच असतील, हे वरच्याच हिशेबाने कोणीही पडताळून पाहावे.

मधल्या काळात लोकांनी आपली सोय आपण केली. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची फुकटची डिश सेवा सुरू झाली आणि तिच्यावर आकाशवाणीच्या वाहिन्याही आल्या. पत्र्याच्या छपरावर छत्री बसवली की टीव्हीच्या काळ्या पडद्यावर विविध भारती वाजू लागायची. नागपूरहून सत्तर किलोमीटर न येणारी वाहिनी ३६ हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाऊन आर्वीत स्वच्छ उतरली. आकाशवाणीच्या १ हजार किलोवॉटच्या, नागपूरच्या त्या राक्षसी प्रक्षेपकावरून १८ मे १९८८ पासून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या जानेवारीत बंद झाली, तेव्हा तिच्या जुन्या रात्रपाळीच्या श्रोत्यांतले कितीतरी जण असेच छत्रीवर आणि मोबाइलवर गेलेले होते.

मोबाइलवर रेडिओ ऐकायचा तर इअरफोनची तार लागायची, कारण तीच एरियल. पुढे बिनतारी इअरफोन आले आणि काही फोनांतून एफएमच काढून टाकले गेले. २०२३ साली केंद्र सरकारला कंपन्यांना सांगावे लागले की फोनमधला एफएम बंद करू नका. तोवर बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या टपरीवर दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होऊन गेला होता. पाचशे गाणी, क्रम ठरलेला, मधे कोणी बोलायला नाही. निंदणाला जाणाऱ्या बाया तो फोन डोक्यावरच्या टोपलीत ठेवून, आवाज मोठा करून धुऱ्याने जायच्या. टपरीवाला फक्त एकच विचारायचा, "जुनी भरू का नवी?" आणि बाया सांगायच्या, "दोन्ही भर, पण रेडिओवर लागत होती तशी."